उलटा पीळ

गुंडीचं वय सत्तेचाळीस, केस निम्मे पांढरे, पण वडिलांच्या तोंडी नाव अजून तेच. लहानपणी ती आईच्या लोकरीच्या गुंड्यांच्या टोपलीत जाऊन बसायची, म्हणून गुंडी. पुढे तिने त्या टोपलीतच संसार थाटला म्हणा ना. लोकर, सूत, जुने कपडे यांतून ती भिंतभर मोठ्या कलाकृती करते, त्यांची प्रदर्शनं भरतात, आणि दर शनिवारी तिच्या स्टुडिओत दहाबारा जण फाटके कपडे घेऊन शिकायला येतात. त्यांना ती एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगते: दुरुस्ती लपवू नका, भोक पडलं होतं हे दिसू द्या. राखाडी कपड्यावर राखाडी धागा वापरणारा माणूस तिला खोटारडा वाटतो, आणि ती तसं तोंडावर म्हणतेसुद्धा.

अशा या बाईने स्वतःच्या आईच्या हातच्या स्वेटरचं काय केलं, ते ऐका.

स्वेटर राखाडी, पुढे वेणीच्या विणीचे चार उभे पट्टे. लग्नाच्या पहिल्या वर्षी आईने तो बाबांसाठी विणला होता. आई जाऊन आता तीन वर्षं झाली. बाबा, आयुष्यभर बस चालवलेला माणूस, थंडीत तो स्वेटर अंगावरून उतरवतच नसत. कोपर पार विरलं तेव्हा गुंडीने महिनाभर मागे लागून तो मिळवला. "आठ दिवसांत परत दे हं," बाबा तिला तीनदा म्हणाले.

कोपरावर तिने नारिंगी लोकरीची जाळी विणली, झकास, रस्त्यापलीकडून दिसेल अशी. मग स्वेटर टेबलावर पसरला आणि तिला ते दिसलं. डावीकडच्या पट्ट्यात, छातीच्या जरा खाली, एक पीळ उलटा पडला होता. वेणीत तीन टाके दुसऱ्या तीन टाक्यांवरून जातात, दर वेळी एकाच बाजूने. इथे पुढून जायचे ते मागून गेले होते. आईची चूक! एका टाक्यासाठी अख्खी बाही उसवणाऱ्या बाईची! गुंडीचा पहिला मफलर तिने तीनदा उसवायला लावला होता. तिसऱ्या वेळी गुंडीने भोकाड पसरलं, तरी ती बधली नव्हती.

आईला हे दिसलं असतं तर तिला घास गेला नसता, असं गुंडीला वाटलं आणि हात आपोआप चालले. पिळापाशी एक धागा कापला, टाके मोकळे केले, वळण सरळ केलं आणि त्याच रंगाच्या लोकरीने सुईने असं जोडलं की भल्याभल्यांना पत्ता लागू नये. राखाडीवर राखाडी. आईचं राहिलेलं काम आपण पुरं केलं, या समाधानात ती दिवसभर गुणगुणत होती.

बाबांनी स्वेटर घातला, कोपर बघून "सिग्नलच लावलास की," म्हणाले आणि पेपर वाचायला बसले. पेपर एका हातात, दुसऱ्या हाताचा अंगठा छातीवरच्या वेणीवर. ही त्यांची जुनी सवय. अंगठा खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. मग त्यांनी पेपर घडी करून ठेवला.

पुढच्या आठवड्यात गुंडी गेली तेव्हा बाहेर दात वाजवणारी थंडी, आणि बाबा नुसत्या शर्टात.

"स्वेटर कुठाय?"

"कपाटात. फार गरम होतं त्यात."

त्याच्या पुढच्या आठवड्यातही गरमच होत होतं. खोकला झाला, तरी गरम. गुंडीचा जीव खालीवर व्हायला लागला. आईची एवढी एकच वस्तू बाबांना सोबत होती, आणि तीही आपल्या हातून गेली की काय?

"बाबा, खरं सांगा. कोपर नाही आवडलं?"

"कोपर एक नंबर आहे."

"मग?"

बाबांनी चष्मा काढून उगाच पुसला. "एक जागा होती त्यात. आता सापडत नाही. धुण्यात सरळ झाली असेल."

"मी सरळ केली," गुंडी म्हणाली. "आई चुकली होती तिथे."

"तुझी आई कशाला चुकतेय! मी चुकलो होतो." बाबा हसले. "नवीन लग्न, दरड कोसळून रस्ते बंद, बसला सुट्टी तर मलाही सुट्टी. म्हटलं, दिवसभर खुडखुड करतेस ते मलाही शिकव. तिने सुया हातात दिल्या. एक ओळ विणली, पण घाम फुटला गं. तिने बघितलं, पीळ उलटा. म्हटलं, उसव. तर म्हणाली, राहू दे. आणि पुढे विणायला लागली."

गुंडीला एकदम रडू फुटलं. शरम होतीच, पण खरं सांगायचं तर थोडा मत्सरही होता. "माझा एक टाका तिने कधी राहू दिला नाही."

"तुला विणकाम यायला हवं होतं ना, गुंडी," बाबा म्हणाले. "मला येऊन काय करायचं होतं?"

तिने नाक पुसलं आणि कपाटातून स्वेटर काढला. खिडकीपाशी बसून जोड शोधायला लागली. कसला सापडतोय! जोड इतका बेमालूम झाला होता की तिलाच दिसेना. शेवटी बाबांनी स्वेटर मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि अंगठा टेकवला. "इथे."

अगदी तिथेच होता.

तिने धागा काढला, मोकळे टाके सेफ्टी पिनांवर घेतले आणि दोन्ही पदर बाबांच्या हातात दिले. "कुठला पुढून न्यायचा ते तुम्ही ठरवा."

"बरोबर कुठला?"

"ते मी सांगणार नाही." आणि चुकून हात पुढे जायला नको म्हणून ती आपल्या हातांवरच बसली.

"तुझी आई अश्शीच बसली होती," बाबा म्हणाले.

त्यांनी पदर फिरवले, शेजारच्या वेणीशी ताडून पाहिले आणि वैतागले. "अरे, हे तर बरोबर झालं! मुद्दाम घोळ घालायला बसलो तर तोही जमेना." दोघं इतकी हसली की बाबांना ठसका लागला. दुसऱ्या वेळी मात्र पीळ उलटा पडला, नेमका.

गुंडीचा हात सवयीने राखाडी लोकरीकडे गेला. तो तिने मागे घेतला आणि नारिंगी उचलली. सहा टाके, लपवाछपवी नाही.

बाबांनी स्वेटर डोक्यातून घातला, बाह्या ओढल्या, अंगठा वेणीवर ठेवला. खाली गेला, थांबला, तिथेच राहिला.

"आता नाही होत गरम," बाबा म्हणाले.