नदी शिरलेलं इंजिन

महापूर आला त्या रात्री गोमाजीचं जुनं ट्रॅक्टर अंगणातच उभं होतं आणि वैनगंगा त्याच्या सायलेन्सरवरून वाहून गेली. पाणी ओसरल्यावर आधी घर, मग गुरं, मग सडलेलं धान, असं करता करता ट्रॅक्टरकडे बघायला कोणाला सवडच झाली नाही. दिवाळीनंतर गोमाजीनं नवी बॅटरी लावून चावी फिरवली, पण इंजिन जागचं हललं नाही. शेजारच्या तेजरामनं आपल्या ट्रॅक्टरनं ते ओढून पाहिलं. बंद ट्रॅक्टरला गिअर टाकल्याबरोबर त्याची मागची मोठी चाकं न फिरताच मातीत फरफटत गेली. इंजिन पार जाम झालं होतं. पुढच्या पावसाळ्यात त्याच्यावर दोडक्याचा वेल चढला आणि गोमाजीनं आशा सोडली.

त्याच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी मात्र सोडली नव्हती. भंगारवाला दोनदा दारात येऊन गेला, दोनदा त्यांनी त्याला पाणी पाजून परत पाठवलं आणि एक दिवस अड्याळहून खुशाल मिस्त्रीला बोलावून घेतलं.

खुशाल आडदांड आणि बोलका माणूस होता. पुरात बुडालेलं इंजिन आपणही पहिल्यांदाच खोलतो आहोत, हे त्यानं आधीच सांगून टाकलं. मग वेल बाजूला करून त्यानं बोनेट काढलं, नट सोडवले आणि गोमाजीच्या मदतीनं इंजिनचं हेड उचललं.

गोमाजीचं अर्धं आयुष्य त्या इंजिनच्या मागं बसून गेलं होतं, पण त्याच्या पोटात काय असतं ते तो आज पहिल्यांदा पाहत होता. दोन सिलेंडर कोरडे होते, आरशासारखे गुळगुळीत. वाकून पाहिलं तर स्वतःचं तोंड दिसत होतं. तिसऱ्यात मात्र गाळ भरला होता, नदीचा, पिठासारखा बारीक, थरावर थर. खुशालनं तो चमच्यानं खरवडून काढला, तर पिस्टनवर एक गोगलगायीचा शंख निघाला, ज्वारीच्या दाण्याएवढा.

"हा आत आला कोठून?" गोमाजीनं विचारलं.

खुशालनं समजावून सांगितलं. इंजिन बंद होतं तेव्हा एखाद्या सिलेंडरचा वॉल्व उघडा राहून जातो. इथं या तिसऱ्याचा राहिला होता. नदी सायलेन्सरमधून उतरली आणि तेवढ्याच दारानं आत शिरली.

गोमाजीला पुराआधीची ती संध्याकाळ आठवली. धानाच्या बांधीतून भिजत येऊन त्यानं इंजिन बंद केलं होतं आणि चहा मागितला होता. त्या घडीला पिस्टन जिथं थांबला, तिथंच तो अजून उभा होता. घर पडलं, पुन्हा बांधलं, धानाचे हंगाम आले नि गेले, आणि हा आपला तिथंच. गोमाजीचा हात नकळत टोपीकडे गेला.

ठोकाठोक करायची नाही, असं खुशालनं बजावलं. पिस्टनच्या कडेचा गंज सुटावा म्हणून त्यानं डिझेल आणि ऑइल मिसळून त्यावर ओतलं आणि वर फळी झाकली. इंजिनच्या पुढच्या नटाला मोठा पाना, पान्याला लांब पाइप लावून दिला. रोज सकाळी त्यावर नुसता भार द्यायचा, झटका मारायचा नाही, एवढं सांगून तो गेला.

गोमाजी रोज भार देत होता. पाइप भिंतीत गाडल्यासारखा घट्ट. फळी उचलून पाहावं तर तेल होतं तेवढंच. धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायचे दिवस जवळ आले, तरी तेवढंच.

मग एका सकाळी तेल कमी दिसलं. गोमाजीनं बायकोला हाक मारली. सुलोचनाबाईंनी इंजिनच्या बाजूनं, खालून हात फिरवून पाहिला. बाहेर थेंबही नव्हता.

"सांडलं नाई. मंग गेलं कोठी?"

"आतून उतरलं," गोमाजी हळूच म्हणाला. "जेथून केस जाणार नाई, तेथून गेलं वो."

दोघांनी मिळून पाइपवर भार दिला. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. अन् मग लोखंडाच्या पोटात बारीक 'टक्' झालं, बोट मोडल्याएवढं. हातातला पाइप जरासा खाली गेला होता. सुलोचनाबाईंनी पाइप सोडलाच नाही, जणू सोडला तर झालेलं परत जाईल.

"हललं," त्या म्हणाल्या. "खरंच हललं ना?"

पुढचं काम खुशालचं. त्यानं पाना मागं-पुढं करत पिस्टन मोकळा केला, बाहेर काढला, सिलेंडरचे नवे लायनर आणि पिस्टनच्या रिंगा बसवल्या. खालच्या चेंबरमधून घमेलंभर गाळ निघाला. सगळं डिझेलनं धुऊन जोडायला त्याला आठवडा लागला.

चावी फिरवली तेव्हा आधी पांढरा धूर आला, मग काळा. इंजिन दोनदा खोकलं, थांबलं आणि अचानक आपल्या जुन्या आवाजात चालू झालं. गोठ्यातली गुरं दावं ताणू लागली. तेजराम जेवता जेवता उष्ट्या हातानं कुंपणाशी येऊन उभा राहिला. गोमाजी बोनेटवर तळहात ठेवून उभा होता. खालचं लोखंड हळूहळू गरम होत होतं.

"बसा ना आता वर," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"बसतो," तो म्हणाला. "जरा चालू दे त्याले."

त्या वर्षी धान लावायच्या आधी त्यांच्या बांध्यांचा चिखल त्याच ट्रॅक्टरनं झाला.