मंगरूळ, एक सीट

"सी उडवा, डी ठेवा. डी-त सगळं आहे माहं," असं म्हणत हरीओमने काखेतला कॉम्प्युटरचा जुना कॅबिनेट पौर्णिमाच्या टेबलावर भाजीच्या पिशवीसारखा टेकवला.

पौर्णिमाने मान वर केली आणि तिच्या हातातला पेचकस स्क्रूवरच थांबला. केस पांढरे झाले होते, एक पाय ओढत होता, उजवा हात थरथरत होता. पण माणूस तोच. तेरा वर्षांत हा चेहरा तिने इतक्या वेळा डोळ्यांपुढे आणून त्याला इतक्या शिव्या दिल्या होत्या, की एखादे वेळी सख्ख्या भावाला ओळखलं नसतं, पण याला ओळखलंच असतं.

त्याने तिला ओळखलं नव्हतं. तो दुकानभर नजर फिरवत होता, कुणी जाणकाराने नवशिक्याचं काम तपासावं तसा.

"विंडोज सात आहे," तो म्हणाला. "आता एकही साइट उघडत नाई. नवी टाकून द्या. म्याच टाकली असती, पण लकव्याचा झटका आला तवापासून हात आयकत नाई."

"बॅकअप घ्या लागन ना, काका?"

"कायले टाइम खराब करता? डी-त आहे म्हनलं ना. कारंज्यात बारा वर्षं दुकान व्हतं माहं. अर्ध्या जिल्ह्याले डी ड्राइव्ह म्या शिकवली."

"मंग लिहून द्या," पौर्णिमा म्हणाली. "इथं तसा नियम आहे."

तो हसला. हेच ते हसणं. थरथरत्या हाताने त्याने चिठ्ठीवर लिहिलं, 'सी फॉरमॅट करणे, डी मध्ये डाटा आहे', आणि खाली सही ठोकली. पाच वाजता येतो म्हणाला आणि पाय ओढत गेला. पौर्णिमाने चिठ्ठी काचेखाली सरकवली. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात. इथे तर त्याने सही-शिक्क्यानिशी दिलं होतं.

पौर्णिमाचा बाप, पुंजाजी, शेलूबाजारच्या जीपच्या अड्ड्यावर हाळी घालायचा. गाडी त्याची नाही, ड्रायव्हर तो नाही. त्याचं काम एकच. सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत उभं राहून, "मंगरूळ, मंगरूळ, चाला मंगरूळ, एक सीट, एक सीट" असं ओरडायचं. गाडी रिकामी असो की टपावर माणसं बसलेली असोत, पुंजाजीच्या हिशेबाने त्यात कायम एकच सीट उरलेली असे. बावीस वर्षं आख्ख्या पंचक्रोशीने तो आवाज ऐकला आणि कुणीही तो ठेवला नाही. जे रोज फुकट ऐकू येतं, ते कोण ठेवतं?

पौर्णिमाने ठेवला होता. मोबाइलवर अकरा मिनिटं. हाळी, मध्येच खोकला, मध्येच चहाचा घोट, आणि "काहून शूटिंग करून राह्यली वं, कामधंदा नाई का तुले?" तो गेला त्याच्या वर्षभर आधीचं. नंतर मोबाइल बिघडला, पण तिने ते आधीच घरच्या सेकंड-हँड कॉम्प्युटरवर टाकून ठेवलं होतं. डेस्कटॉपवर, अगदी समोर. मग कॉम्प्युटर अडकायला लागला, आणि ती तो एसटीत मांडीवर घेऊन कारंज्याला हरीओम सरांकडे गेली. "सर, समोर बाबाचा आवाज आहे. राहीन ना तो?" असं तिने दोनदा विचारलं होतं. "टेन्शन नका घेऊ ताई," असं तो दोन्हीदा म्हणाला होता.

संध्याकाळी कॉम्प्युटर धुतल्यासारखा कोरा मिळाला. ती रडायला लागली तेव्हा तो हसला. "डेस्कटॉपवर कायले ठेवलं मंग? डेस्कटॉप म्हंजे सी. डी-त ठेवा लागते. गेलं ते गेलं, गाणे-गिणेच असतीन."

आवाज गेला त्याचं दुःख होतंच. पण ते 'गाणे-गिणे' तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं रुतून बसलं होतं. त्या रागापायी ती अकोल्याला जाऊन हार्डवेअर शिकली, त्या रागापायी तिने बाप उभा राहायचा त्या अड्ड्यासमोरच दुकान टाकलं. काही माणसं भक्तीने शिकतात, काही पोटासाठी. पौर्णिमा निव्वळ खुन्नसने शिकली आणि चांगली शिकली. तिच्या दुकानात आधी बॅकअप, मग बाकी सगळं. आणि नुसती कॉपी नाही. कॉपी झालेली एकेक फाइल उघडून बघायची. गिऱ्हाईक कंटाळून जांभया देत, पण तिच्या हातून आजवर कुणाचं लग्नातला एक फोटोही हरवला नव्हता.

आज तो नियम मोडायचा होता. तिने कॅबिनेटला मॉनिटर जोडला आणि आधी आत डोकावली. वैऱ्याच्या घराला काडी लावायची तर आत काय काय आहे ते बघून लावावी, त्यातही मजा असते.

डी-त फारसं काही नव्हतं. जुने सिनेमे, गाणी, कुठल्या कुठल्या सॉफ्टवेअरच्या फायली. डेस्कटॉप मात्र गच्च भरलेला होता, एवढा की मागचं चित्रही दिसत नव्हतं. 'अंजू शाळा', 'अंजू सायकल', 'अंजू हळद', 'अंजू लग्न'. म्हणजे जिल्ह्याला डी ड्राइव्ह शिकवणाऱ्या गुरुजींच्या घरातच कुणी डेस्कटॉपवर संसार मांडून बसलं होतं, आणि गुरुजींना पत्ता नव्हता. पौर्णिमाला हसू आवरेना.

तिने 'अंजू लग्न'मधली शेवटची फाइल उघडली.

शेलूबाजारचा चौक. फुलांनी सजवलेली जीप थांबलेली, आणि एक नवरी आईच्या गळ्याला मिठी घालून ढावलो म्हणत होती. बंजारा तांड्यावरच्या पोरी सासरी निघताना रडता रडता गातात, तो. गोरमाटी बोली पौर्णिमाला कळत नव्हती, पण रडणं कळत होतं. आणि मागून आवाज आला.

"मंगरूळ, मंगरूळ, चाला मंगरूळ, एक सीट, एक सीट..."

पौर्णिमा खुर्चीतून अर्धी उठली.

आवाज जवळ आला. मग हाळी थांबली, आणि अगदी कॅमेऱ्याच्या कानाशी पुंजाजी कुणा ड्रायव्हरला म्हणाला, "हॉर्न नको वाजवू बा. रडू दे तिले मन भरून. मंगरूळ काई पळून नाई जात." त्यानंतर बराच वेळ नुसता ढावलो. बावीस वर्षांत कधी गप्प न बसलेला माणूस परक्या पोरीसाठी गप्प बसला होता. आणि जीप हलल्यावर, खाकरून पुन्हा, "एक सीट, एक सीट".

तिने ते चार वेळा ऐकलं. पाचव्यांदा ऐकताना ती हुंदके देत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. मग डोळे पुसून तिने ती एक फाइल आपल्या पेन ड्राइव्हवर घेतली, मोबाइलमध्ये घेतली, दुकानाच्या कॉम्प्युटरवर घेतली, आणि तिन्हीकडे उघडून बघितली.

आणि मग तिच्या मनात आलं ते असं, की आपलं आपल्याला मिळालं, आता त्याचं जळायला कसलीच आडकाठी नाही.

तिने नवी विंडोज लावली. ड्राइव्हची यादी आली. सी निवडली. फॉरमॅटच्या बटनावर बाण नेला, आणि हे पटकन उरकायचं नाही, चवीने करायचं, म्हणून क्षणभर थांबली.

"पोरी, इथं कोनी कॅबिनेट आनून देलं का? पाय ओढत चालते तो मानूस?"

दारात साठीची बाई उभी होती. हातात बाजाराची पिशवी, दम लागलेला.

"आनलं. तुमी?"

"मी गोमतीबाई. त्यायची मंडळी. त्यात माही अंजू आहे ना. यायले सांगतलं तं मनतात, डी-त आहे. मले डी-फी समजत नाई. म्या तं समोरच ठेवली, दिसली पायजे मनून. राहीन ना ते?"

बटनावरचा बाण तसाच होता.

"अंजू कुठं असते आता?" पौर्णिमाने विचारलं. विचारायला नको होतं.

"नाई असत. लग्नाले दोन वर्षं झाले अन् बाळंतपनात गेली." बाईचा आवाज सपाट होता, हजारदा सांगून झाल्यासारखा. "रोज दुपारी तिचा ढावलो लावतो मी. हे झोपले का लावतो. यायच्यानं आयकवत नाई. राहीन ना?"

पौर्णिमाला मनातून चीड आली. देव देतो अन् कर्म नेते, ते असं. तेरा वर्षं धार लावून ठेवलेली सुरी, आणि ऐन वेळी तिच्यापुढे मान कुणाची, तर या बाईची. हरीओमचं डी-त होतं, सुखरूप. सी-त जे जळणार होतं, ते सगळं हिचं.

तिने 'रद्द' दाबलं.

"बसा मावशी. वेळ लागन."

दोन तास लागले. दोनशे चौदा फायली एका छोट्या डिस्कवर आल्या आणि पौर्णिमाने एकेक उघडून दाखवली. गोमतीबाई प्रत्येक फोटोला मान हलवत होती, हजेरी घेतल्यासारखी. ढावलोची फाइल आली तेव्हा पौर्णिमाने पडद्याकडे बोट केलं. "मागून हाळी देते ना, तो माहा बाप."

गोमतीबाईने तिच्याकडे बघितलं. "हॉर्न नको वाजवू मनते, तो? मी रोज त्याले आशीर्वाद देतो, बाई."

गोमतीबाईने डिस्क पदराच्या गाठीत बांधली आणि ती बहिणीकडे निघून गेली. घरी जायला तिला सहा वाजणार होते.

पाच वाजता हरीओम आला. पौर्णिमाने सी उडवली होती, नवी विंडोज टाकली होती. पडद्यावर निळं चित्र आणि कोपऱ्यात एक कचऱ्याची टोपली, बाकी मोकळं मैदान.

त्याने डी उघडून बघितली, समाधानाने मान हलवली. मग त्याची नजर पडद्यावर फिरली आणि अडकली. "इथं, समोर, हिनं काई ठेवलं व्हतं का?"

"व्हतं. बरंच व्हतं." तिने काचेखालची चिठ्ठी बोटाने दाखवली. "सी उडवा म्हनले तुमी. गेलं ते गेलं, काका. गाणे-गिणेच असतीन."

हरीओम स्टुलावर बसला. "पोरगी व्हती त्यात माही," तो म्हणाला. "आता घरी कोनत्या तोंडानं जाऊ?"

खोटं कशाला बोलायचं, पौर्णिमाला बरं वाटलं. फार बरं वाटलं. समोरच्या टपरीवरून तिचा चहा आला, आणि तिने तो सावकाश, त्याच्याकडे बघत बघत, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. तेवढाच वेळ तिने त्याला दिला. त्याने तिला तेरा वर्षं दिली होती.

"वळखलं का मले?" कप खाली ठेवून तिने विचारलं. "दोन हजार बारा. कारंजा. डेस्कटॉपवर बाबाचा आवाज व्हता."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, खरंच प्रयत्न केला, आणि मान हलवली. "नाई वं ताई. लई लोकायचे गेले माह्या हातानं. कोनाकोनाचं ध्यानात ठेवू?"

तेरा वर्षं ती ज्याच्याशी भांडत होती, तो त्या भांडणात कधी नव्हताच. चहाची गोडी तोंडातच उतरली.

"तुमच्या मंडळीजवळ आहे सगळं," ती कोरडेपणाने म्हणाली. "दोनशे चौदा. पदरात बांधून नेलं. पाहाचं असन तं तिले इचारा. सी-डी नका शिकवू."

हरीओम उठला, कॅबिनेट डाव्या हाताने काखेत घ्यायला लागला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बसला. पौर्णिमा उचलून द्यायला उठली नाही. दारात वळून त्याने विचारलं, "तुमच्या बाबाचं भेटलं का मंग कुठं?"

तो पाय ओढत गेला.

मग तिने दुकानाच्या स्पीकरला पेन ड्राइव्ह लावला आणि आवाज वाढवला. आधी अंजू रडली, आणि मागून पुंजाजीने हाळी घातली, मंगरूळ, चाला मंगरूळ, एक सीट, एक सीट. समोर अड्ड्यावरच्या बाकड्यावरून एक म्हातारी घाईने उठली, पिशवी उचलली, आणि मंगरूळची गाडी कुठे लागली आहे ते बघायला लागली.