रंभाबाईचं अर्धं भजन

चरख्यावर सुताच्या कांड्या भरता भरता रंभाबाईचा हात थांबला, की शेजारची यमुताई ओळखायची, ही मनानं पुन्हा नागपुरात जाऊन पोचली.

"काहून वं, सूत तुटलं का?" यमुताईनं उंबऱ्यातूनच विचारलं.

"सूत शाबूत आहे माय, मीच तुटली. दोन खेपा झाल्या. पाय गेले, गाडीभाडं गेलं. तिसरी खेप नाही होत आता माह्याच्यानं."

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. मागल्या पुरात कन्हान नदीचं पाणी खाप्याच्या कोष्टीपुऱ्यात शिरलं, रंभाबाईच्या हातमागाच्या खड्ड्यात कंबरभर गाळ बसला आणि वरून भिंत झोपली. तेव्हापासून ती लोकांच्या मागांसाठी कांड्या भरत होती. कांड्यांनी चूल पेटते, पण भिंत उभी राहत नाही. खड्डा उपसून माग पुन्हा उभा करायचा, एवढीच तिची आस होती.

अशात बाजारात चंद्रभान भेटला. नवऱ्याचा मिलमधला जुना जोडीदार. म्हणाला, "वयनी, दादाचा फंड सरकारात तसाच पडून आहे. बारा वर्षं पगारातून कापला, पण मांगाले कोणी गेलंच नाही. दमा झाला, मिल सोडली, दादा गेले. आता तुमचाच हक्क आहे तो."

रंभाबाईला वाटलं, देवानंच निरोप धाडला. पण नागपुरात फंडाच्या हापिसात खिडकीतल्या बाबूनं पहिलाच सवाल टाकला, "नवऱ्याचं नाव?" आणि तिनं पदर ओढला.

चाळीस वर्षांत ते नाव तिच्या तोंडातून निघालं नव्हतं. सोबत आलेली यमुताई पुढं सरसावली, तर बाबू म्हणाला, "तुम्ही नका सांगू बाई. जिचा नवरा तिनंच सांगायचं. मागं एक बाई दुसरीच्याच नवऱ्याचा पैसा घेऊन गेली."

दुसऱ्या खेपेला नगरपालिकेचा दाखला नेला, रेशन कार्ड नेलं. बाबू म्हणाला, "कागद तर कोणीबी आणते. तुम्ही बोला." रंभाबाईनं लाजत सांगितलं, "द्वारकेत राहते, गाई राखते, तेच नाव." रांगेतली माणसं खो खो हसली. बाबू वैतागला, "कोडी काय घालून राहिल्या आजी? लाइन अडवू नका."

आता खाप्यात कोणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. दर एकादशीला मारुतीच्या देवळात भैयाजीबुवा कीर्तनाला उभे राहत. चिपळ्या खणखणवत "राम कृष्ण हरी" म्हणत आणि सारं देऊळ मागून म्हणे. खांबापाशी बसलेली रंभाबाई मात्र "राम कृष्ण" म्हणून ओठ मिटायची. पुढच्या नावाला नुसती टाळी. पुरुषांच्या रांगेत टाळ धरून बसलेला तिचा नवरा तेवढ्यापुरता तिच्याकडे पाहून मिशीत हसायचा. तो गेला, तरी टाळी तीच राहिली. बायका चिडवत, "रंभाबाईचं भजन अर्धंच." बुवा म्हणत, "देव पुरं करून घेते, माय."

यमुताई आत येऊन चरख्यापाशी बसली.

"देवाचं नाव समजून म्हण ना वं एकदा."

"तेच तर! चाळीस वर्षं देवाचं नाव त्याच्यापायी सोडलं. आता पैशापायी त्याचं नाव घेऊ?"

 यमुताई कोपऱ्यात रचलेल्या मागाच्या लाकडांकडं बोट दाखवून म्हणाली, "पैशापायी काहून? या मागापायी घे. त्याच्याच हातचा आहे तो. वाळवी लागून राहिली त्याले."

रंभाबाईनं लाकडांवरून हात फिरवला. बोटाला भुसा लागला.

मंगळवारी पहाटेच्या यष्टीनं दोघी निघाल्या. खिडकीशी नंबर लागेतो ऊन डोक्यावर आलं, पोटऱ्या भरून आल्या. बाबूनं ओळखलं. "हं आजी. नाव?"

रंभाबाईनं हात जोडले, डोळे मिटले. "राम कृष्ण..."

मागं कोणीतरी हसलं. वरचा पंखा कुरकुरत होता.

"...हरी."

बाबूनं मान वर केली. "पुरं सांगा."

"हरी... दमाजी निमजे."

मागाच्या फणीच्या बारीक घरातून पहिला धागा ओढावा तसं ते नाव अडखळत बाहेर आलं. आणि रंभाबाई तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. तो गेला त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. आपल्या आवाजात ते नाव कसं वाटतं, हे तिला आज कळलं, आणि ऐकायला तो नव्हता.

बाबू उठला. आपल्या सुरईतलं पाणी घेऊन बाहेर आला. "घ्या आजी. अर्ज घेतला तुमचा. आता गुरुवारी या. साहेब सुट्टीवर आहेत. त्यांच्यासमोर एकडाव सांगा लागते, मग मंजुरी."

"आग लागो तुह्या सायबाच्या सुट्टीले!" यमुताई कडाडली.  रंभाबाईनं पाणी पिऊन गिलास पदरानं पुसून परत दिला.

दिवेलागणीला दोघी खाप्यात उतरल्या. एकादशी होती. धुळीच्या पायांनीच देवळात जाऊन बसल्या. बुवांनी चिपळ्या उचलल्या. "राम कृष्ण हरी!"

"राम कृष्ण हरी!" देऊळ म्हणालं. त्यात खांबापाशी एक चिरका, नवखा आवाज शेवटच्या नावापर्यंत पोचला. बुवांची चिपळी क्षणभर थबकली. बायका वळून पाहू लागल्या.

यमुताईनं कोपर मारलं. "अवं, पुरं म्हटलं तू!"

रंभाबाईनं डोळे उघडले नाहीत, टाळीही थांबवली नाही.

"गुरुवारी सायबापुढं पुन्हा म्हणा लागते ना वं," ती म्हणाली. "सराव करून राहिली."