पांढरी कुंडी

सूनबाईचं काम हिशेब तपासण्याचं. कुठं पाणी मुरतंय हे हुडकून काढायचाच तिला पगार मिळे, आणि ती सवय घरीही सुटत नसे. त्यामुळे मनी प्लांटची खालची पानं पिवळी पडली तेव्हा तिला गुन्हेगार शोधायला वेळ लागला नाही. दोन-तीनदा तिनं सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, कुंडी घेऊन बेसिनपाशी उभं असलेलं पाहिलं होतं. एवढा पुरावा तिला पुरला.

त्यात ऑफिसातल्या मैत्रिणी घरी आलेल्या. कॅशियरबाईंनी सहज पानांकडे बोट दाखवलं, आणि हिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"आमच्या आप्पांचा उद्योग. दुसरं काम नाही ना, उठसूट पाणी ओततात. आप्पा, उद्यापासून त्या झाडाला हात लावायचा नाही, कळलं?"

मैत्रिणी हसल्या. आप्पाही हसले आणि आपल्या खोलीत गेले.

त्यानंतर त्यांनी झाडाला हात लावला नाही. तीच रोज सकाळी मापानं पाणी घालायची. तरी वेल मान टाकत गेला. मग एक दिवस आप्पांनी जेवताना सांगितलं की रविवारी लेकीकडे जातो, चार दिवस. चार दिवसांसाठी कुणी हिवाळ्याचे कपडे भरत नाही, हे तिनं पाहिलं, पण विचारलं नाही. मनात कुठंतरी हायसंच वाटलं तिला, आणि पुढं त्याचीच जास्त लाज वाटली.

शनिवारी वेल मातीपाशी काळा पडून आडवा झाला. तिनं धरून पाहिला तर देठ बोटांना बुळबुळीत लागला आणि नाक मुरडावं असा वास सुटला. तिनं आतली प्लॅस्टिकची कुंडी उचलली. खाली, बाहेरच्या पांढऱ्या चिनी मातीच्या कुंडीत चार बोटं पाणी साचलं होतं. चार दुकानं पालथी घालून तिनंच ती आणली होती. तळाला भोक नव्हतं. मुळं त्या पाण्यात बसून कुजली होती.

आप्पा दारात उभे होते.

"रोज सकाळी मी तेच ओतून टाकत होतो," ते म्हणाले.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू एवढ्या हौसेनं आणली होतीस."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर फाशी देणारीच चोर निघाली. भुईनं पोटात घ्यावं असं तिला झालं. जाऊ नका, असं ती कशीबशी म्हणाली. आप्पा खुर्चीवर टेकले.

"रागानं नाही गं जात. त्या दिवशी त्यांच्याबरोबर मीही हसलो. स्वतःच्याच घरात मी असा का हसलो, तेच मनातून जात नाही."

चारचौघींत केलेला अपमान एकांतात कसा फेडायचा? तिनं फोन उचलला, कॅशियरबाईंना लावला, आणि आप्पांना ऐकू जाईल असा स्पीकरवर ठेवला. झाड आप्पांनी नाही, मी मारलं, ते तर वाचवत होते, असं तिनं एका दमात सांगून टाकलं.

"कुठलं झाड गं?" कॅशियरबाईंनी विचारलं.

त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तिनं फोन ठेवला. आप्पांकडे बघायची तिची छाती होईना.

मग आप्पांनीच कात्री मागितली. काळं सगळं कापून टाकलं, जिथं आतून हिरवं लागलं तिथले दोन तुकडे ग्लासभर पाण्यात उभे केले आणि ग्लास खिडकीत ठेवला.

"मुळं फुटेपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "मग बघू."

आता ती रोज सकाळी उठल्याबरोबर ग्लासात डोकावते, आणि मुळं दिसली नाहीत की सुटकेचा श्वास टाकते.