ओट्यासमोरची खिडकी

आमचं घर मातीचं, गोल, वर घुमट. पोत्यांत ओलसर माती भरायची, पोती गोलात रचायची, जड लाकडी ठोकळ्याने ठोकून बसवायची, मग वरचा थर, किंचित आत. नवरा मधल्या खुंटाला बांधलेली दोरी धरून फिरायचा आणि "अजून दोन बोटं आत घ्या" म्हणायचा. उंटावरून शेळ्या हाकाव्यात त्यानेच. ठोकळा माझ्या आणि दिराच्या हातात. फोड आले, फुटले, त्यावर पुन्हा आले.

माझं मागणं एकच होतं. ओट्यासमोर खिडकी. लग्न झाल्यापासून भाड्याच्या घरांत भिंतीकडे तोंड करून भाज्या चिरल्या; पुरे झालं. त्यासाठी जुनं पत्र्याचं पिंप मीच ओढत आणलं आणि दोन्ही तोंडं कापून घेतली. थर खिडकीच्या उंचीला आला की पिंप आडवं ठेवायचं, भोवती पोती रचायची, वर कमान मिटली की काढून घ्यायचं. घुमटाला नंतर खिडकी पाडता येत नाही. सगळी पोती एकमेकांच्या आधाराने उभी असतात.

नेमका थर तिथवर आला आणि माझी आई दवाखान्यात. तिचं सगळं आटोपून परतले, तर ओट्यासमोर सलग भिंत. पिंप पलीकडच्या अंगाला, नवऱ्याचं लिहायचं टेबल येणार होतं तिथे, वर कमान मिटलेली.

"तिकडून संध्याकाळचं ऊन काय सुंदर येतं, बघ तरी!"

"आणि माझी खिडकी?"

"पिंप एकच होतं ना. कालवलेली माती थांबते का कुणासाठी? वाळून दगड झाली असती."

"मी म्हटलं होतं दादाला, वहिनी," दीर पुटपुटला. म्हटलं होतं म्हणे! पोती त्यानेच ठोकली होती.

दुसऱ्या दिवशी मी ठोकळा हातात घेतला नाही, असं सांगायला आवडलं असतं. घेतला. डोक्यावर छप्पर मलाही हवंच होतं. वरचे सगळे थर मी रागाने ठोकलेत, म्हणूनच इतके पक्के बसलेत.

आता लोक घर बघायला येतात. नवरा त्यांना खिडकीपाशी नेतो, म्हणतो, "एकेक पोतं हाताने रचलंय." कुणाच्या हाताने, ते कुणी विचारत नाही. मी भर दुपारी दिवा लावून चहा करते. परवा एका बाईंनी विचारलंच, "स्वयंपाकघराला खिडकी नाही?"

"ही नेमकी तेव्हा माहेरी जाऊन बसली होती," नवरा हसत म्हणाला.

माहेरी! आई गेली माझी त्या दवाखान्यात. मी ट्रे घेऊन तशीच त्याच्या खिडकीपाशी गेले. आज सगळ्यांसमोर सांगायचंच होतं. बाहेर पार टेकडीपर्यंत ऊन पडलं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या बाईंनी फोटोसाठी मोबाइल वर केला.

"अगं, सरक जरा," नवरा म्हणाला, "उजेड अडतोय."