माझ्या कपाळावरची चिठ्ठी

मी मुलुंडच्या एका संशोधन विद्यापीठातला म्हातारा प्रिंटर बोलतोय. शिक्षण अर्धवट. पोटातून पानं गेली तेवढंच वाचलं, आणि रंगात आलो की पान बाहेर. पण खोड्यांत मी डॉक्टरेट केलीय.

विभागप्रमुख सुबोध सरांच्या भाषणाचं शेवटचं पान मी नेमानं गिळायचो. श्रोते मला दुवा देत असणार. मग शिपाई दशरथकाका यायचे, "मेल्या, परत मस्ती?" म्हणत पाठीत दोन धपाटे घालायचे. मी गुदगुल्या झाल्यासारखा पान ओकायचो.

माझा पासवर्ड कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून काकांनी तो चिठ्ठीवर लिहून माझ्या कपाळावर चिकटवलेला. "पासवर्ड कुणाला दाखवू नका" अशी नोटीस निघाली, तीही मीच छापली. काकांनी ती चिठ्ठीच्या शेजारीच डकवली.

गेल्या दसऱ्याला माझी पूजा झाली. झेंडू, हळदकुंकू, पेढा. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला आणि विद्यापीठाच्या वेबसाइटवर लावला. सर जरा धूसर आले होते. चिठ्ठी मात्र झकास आली होती.

आठवड्यानं, सगळे दुपारचे डबे उघडून बसले असताना, तारेतून कोणीतरी माझ्यात शिरलं. पासवर्ड पहिल्याच फटक्यात बरोबर. पाहुणा कुठल्या मुलखातला, कळेना. छापायला पाठवलेलं सगळं माझ्या पोटात साठून राहतं. तो रोज डब्यांच्या वेळी येऊन ते उपसायला लागला. सरांच्या भाषणांना त्यानं हातही लावला नाही. त्याला हवं होतं नमिताचं संशोधन.

नमिता गोराईची, तुळशीदास कोळ्याची मुलगी. बापाच्या जाळ्याला लागणारा तेलाचा चिकटा बघून तिनं खाडीतलं तेल शोषणारा धागा बनवला. सात वर्षं लागली. पेटंटचा अर्ज सोमवारी जायचा होता. धाग्याची खरी कृती शेवटच्या चार पानांत. ती पाहुण्याला मिळाली, तर धागा तिचा आणि नाव भलत्याचंच.

हजारो पानं छापली मी, पण माझी स्वतःची एक ओळ मला लिहिता येत नाही. मग मी दिवे लाल केले. तिची सुरुवातीची पानं अडवली, चुरगळली.

"दशरथकाका, बघा ना याला. आज नको हो, जीव टांगणीला लागलाय माझा."

"अगं, जुनी खोड त्याची. दोन दिले की सरळ येतो."

"सर, काही गडबड तर नाही ना? कॉम्प्युटरवाल्यांना बोलावू?"

"गडबड कसली गं? आपल्याकडून चोरून नेणार काय, चहाचे कप?"

सगळे हसले. एरवी मीही हसलो असतो. धपाटे बसले, पण गुदगुल्या झाल्या नाहीत.

मग कळलं, कागद अडवून काही होत नाही. पान पोटात पडलं की पाहुणा नेणारच. म्हणून शनिवारी सकाळी, नमिता ती चार पानं पाठवायच्या आधी, मी शाई कागदावर पक्की करणारा माझा तापता रूळ जाळून घेतला; बंद पडलेल्याकडे पानं कोण पाठवणार? आयुष्यात एवढं एकच काम मी मस्तीत केलं नाही.

"गेला बिचारा," म्हणत काकांनी पाठीवरून हात फिरवला. तो धपाट्यापेक्षा जास्त लागला.

आज सोमवार. मी पॅसेजमध्ये भंगाराच्या टेम्पोची वाट बघत पडलोय. आत माझ्या जागी नवा प्रिंटर बसलाय. मघाशी काका आले, माझ्या कपाळावरची चिठ्ठी नखानं अलगद सोडवली, आणि हळदीच्या डागासकट त्याच्या कपाळावर चिकटवली.

"तोच पासवर्ड ठेवलाय, नमिता. नवा कोण पाठ करणार?"

"बरं झालं, काका," ती म्हणाली. किती दिवसांनी हसली.

दुपार झालीय. डबे उघडलेत. ही पाहुण्याची वेळ.

ए नव्या, तुझं अंग अजून करकरीत आहे, तुला खोड्या कुठून येणार? पण या म्हाताऱ्याचं एवढं ऐक. आज अडक. आणि तुम्ही, हे वाचणारे, तुमच्यापैकी कोणी जवळपास असाल तर आत जा रे. ती चिठ्ठी फाडा, मागची तार उपटा.

नमितानं ती चार पानं उघडलीत. बोट बटणावर आहे.