हातात आलेला हात

“कोपरापर्यंत भर, सुग्राबी. हात मोकळा दिसू नये,” असं म्हणत ललिताबाईंनी सुनेला, गुड्डीला, पुढे ढकललं.

सिहोऱ्यात घरोघर बांगड्या भरता भरता सुग्राबीचे केस पिकले होते. कोणाच्या घरात काय शिजतं ते तिला सगळं ठाऊक. पण एका घरचं दुसऱ्या घरी सांगेल तर शपथ.

तिनं टोपली उतरवली, गुड्डीचा हात हातात घेतला आणि ती थबकली. मनगट टम्म सुजलं होतं. त्याच्या वर चार बोटांचे निळे वळ.

“आंगणात पडली. साऱ्या बांगड्या वाढल्या,” ललिताबाई म्हणाल्या. “तिचा बाप येऊन राहिला कारध्याहून. लवकर आटप.”

बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, हा बायकांचा शिरस्ता. त्या एका शब्दाआड काय काय झाकलं जातं!

तीन वर्षांपूर्वी नाकाडोंगरीत सुग्राबीनं असाच एक हात भरला होता, कामिनीचा. आपल्याला काय करायचंय म्हणत, वळ दिसेनासे होईपर्यंत. आठव्या दिवशी कामिनी विहिरीत सापडली. तेव्हापासून दुआसाठी हात पसरले की सुग्राबीला तोच हात दिसे. धंदा शिकवताना अब्बा म्हणाले होते, हातात आलेला हात अमानत असतो, विश्वासानं सोपवलेली ठेव, त्याचा जाब अल्लाहला द्यावा लागतो. अमानत सांभाळायची असते. तिनं ती नुसती सजवून परत केली होती.

“भरून दे ना, चाची,” गुड्डी पुटपुटली. “नाही तं हे घरी आले की आणखी मारतीन.”

पोरीची भीती खोटी नव्हती. तरी सुग्राबीनं टोपलीकडे हात नेला नाही.

“या हातात बांगडी नाही जात, बाई,” ती ललिताबाईंना म्हणाली. “हाड मोडलं हाये. दवाखान्यात न्या इले.”

“पडली म्हटलं ना! तुले काय करायचं हाये?”

“पडल्यावर बोटं नाही उमटत.”

“मंग उचल आपली टोपली. या गावात पाय नको ठेवू पुन्हा!”

सिहोरा म्हणजे सुग्राबीचं अर्धं पोट. तिनं टोपली झाकली खरी, पण बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

“इच्या बाबूजीले येऊ द्या. मंगच उठीन.”

ललिताबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला, शेजारच्या बायका दारात आल्या. सुग्राबी मान खाली घालून बसून राहिली.

दुपारी गुड्डीचे वडील लक्ष्मणराव आले. लेकीकडे पाहताच त्यांचा चेहरा उतरला. “काहून वो बाई, हात काहून रिकामे?”

गुड्डीनं सासूकडे पाहिलं. मग ओट्यावर बसलेल्या चाचीकडे. आणि पदर मागे सारून तिनं हात पुढे केला.

“फोडल्या, बाबूजी.”

लक्ष्मणरावांनी तो सुजलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. “चाल, पहिले दवाखान्यात,” ते म्हणाले.

सुग्राबी उठली. कोपऱ्यावरच्या आनंदाबाई रोज हाक मारून बोलवायच्या. आज त्यांनी तिला पाहून दार लोटून घेतलं. सकाळइतकीच जड टोपली डोक्यावर सावरत सुग्राबी फाट्याच्या वाटेला लागली.